सात दिवस, तीन फेरीबोटी आणि बाबांची डावी खिडकी

बाबांनी एकोणीस वर्षं चिपळूणहून एसटी चालवली. गुहागर, दापोली, रत्नागिरी, देवरुख या भागांत त्यांना डोळे मिटून वळणं सांगता येतात. पण मागच्या दिवाळीत फराळ करताना ते सहज बोलून गेले, "कोकणात एवढी वर्षं गाडी हाकली, पण समुद्राच्या कडेकडेनं कधी गेलो नाही. एसटीचा रस्ता आतला. समुद्र कायम डोंगराच्या पलीकडे."

ते वाक्य माझ्या मनात राहिलं. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालं होतं. आणखी पाच वर्षांनी हा प्रवास झेपेल का, याचा भरवसा कोण देणार? म्हणून ठरवलं, याच हिवाळ्यात जायचं. त्या प्रवासाची आखणी कशी झाली, कुठे चुकली, कशी बदलली आणि प्रत्यक्षात काय झालं, ते सगळं इथे लिहिते आहे. घरातलं म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन किनाऱ्यानं जायचा विचार असेल, तर यातलं बरंच उपयोगी पडेल.

माणसं आणि अटी

आम्ही पाच जण होतो. आई-बाबा, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. गाडी घरची, चालवणारे दोघं. निघायचं पुण्याहून. बाबांना दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात आणि पुढच्या सीटवर पाय लांब ठेवता आला नाही तर गुडघा सुजतो. आईला रात्रीचा प्रवास नको असतो. मुलाला घाटात गाडी लागते. आणि सगळ्यांची मिळून एक अट होती, समुद्र दिसला पाहिजे.

अटी लिहून काढल्या तेव्हा त्या किरकोळ वाटल्या होत्या. पुढे कळलं की या अटी हाच खरा आराखडा होता. बाकीची ठिकाणं त्यात बसवायची होती.

पहिला आराखडा

पहिला आराखडा मी मोबाइलच्या नकाशावर एका रविवारी दुपारी केला. महाशिवरात्रीला जोडून सुट्टी येत होती, म्हणून चार दिवस. ताम्हिणी घाटातून माणगाव, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग दक्षिणेला सरकत केळशी, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण. चार दिवसांत अकरा ठिकाणं. नकाशा तासाला चाळीस किलोमीटरच्या हिशेबानं वेळ दाखवत होता आणि सगळं छान बसत होतं.

कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि एकेका ठिकाणाखाली रेघ मारत खाली आले. मग म्हणाले, "बाळ, हा घाटावरचा किलोमीटर आहे. किनाऱ्यावरचा नाही."

त्यांनी मला समजावलं ते असं. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, पुढे रत्नागिरीजवळ काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, मग जैतापूरची खाडी, वाघोटण. पलीकडचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं. तिथल्या घरावर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसतं. पण चाकावर तिथं पोचायचं तर खाडीच्या तोंडापासून आत, पूल असेल तिथपर्यंत जायचं आणि तेवढंच परत यायचं. "दाभोळहून समोर धोपावे दिसायचं," बाबा म्हणाले, "आणि गाडी घेऊन तिथं जायचं तर चिपळूणला वळसा. माणसं लाँचनं पार व्हायची, एसटी इकडची इकडे नि तिकडची तिकडे."

रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग करायची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980 नंतरच्या दोन वर्षांत पुढे आली. रस्ता तुकड्यातुकड्यानं झाला, बऱ्याच खाड्यांवर पूलही झाले. पण आम्ही गेलो तेव्हा जयगड, दाभोळ आणि बाणकोट या तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीनंच ओलांडायच्या होत्या. गाडीसकट माणसं पार करणारी दाभोळ-धोपावे फेरी 2003 साली सुरू झाली. त्याआधीच बाबांची बदली घाटावर झाली होती. म्हणजे ज्या खाडीला त्यांनी वर्षानुवर्षं वळसे घातले, ती गाडीसकट ओलांडायची त्यांची वेळ आलीच नव्हती. हे ऐकल्यावर माझ्यापुरतं एक पक्कं झालं. बाकी काहीही गळलं तरी चालेल, दाभोळची फेरी गळता कामा नये.

आत्याचा फोन

बाबांची धाकटी बहीण गुहागरला असते. मुक्कामाचं विचारायला तिला फोन केला आणि तारखा सांगितल्या. ती म्हणाली, "अगो, तारखा काय सांगत्येस? पंचांग काढ आधी. शिवरात्रीला कुणकेश्वरला जत्रा असते. तुझ्या बापाला घेऊन त्या गर्दीत कुठे उभी राहणार?"

मग तिनं भरती-ओहोटीचा विषय काढला. किनाऱ्यावरची माणसं वापरतात तो हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री दीड आणि दुपारी दीडच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, गावागणिक थोडा फरक पडतो, पण आखणीला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

मी विचारलं, "पण आत्या, आम्हाला कुठं मासे पकडायचेत?"

ती म्हणाली, "हेदवीच्या कातळातली बामणघळ ओहोटीला बघशील तर पाणी उसळणार नाही, नुसती फट दिसेल. आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरतीला करायला जाशील तर जीव जाईल. आता बोल."

त्या रात्री मी पहिला कागद फाडला.

नव्यानं मांडणी

या वेळी ठिकाणांपासून सुरुवात केली नाही. आधी ज्या गोष्टी आपल्यासाठी हलत नाहीत त्या लिहिल्या. हेदवीला पूर्ण भरतीच्या वेळी पोचायचं. हरिहरेश्वरला ओहोटी दिवसाउजेडी हवी. तिन्ही फेऱ्या उजेडात आणि दुपारच्या गर्दीआधी मिळाव्यात. दिवेलागणीनंतर गाडी रस्त्यावर नको. जत्रा नको.

जत्रेच्या बाबतीत एक गोष्ट पंचांगातही सापडत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा याच दिवसांत असते, पण तिची तिथी ठरलेली नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं मुश्कील, रस्ते भरलेले. म्हणून तारीख जाहीर होईपर्यंत थांबलो आणि मगच मालवणची खोली घेतली. शिमगाही टाळायचा होता. खरं तर शिमग्याच्या पालख्या बघायला बाबांना आवडलं असतं, पण तो वेगळा प्रवास आहे.

या सगळ्यातून उरली ती माघ पौर्णिमा. चतुर्दशीला निघायचं, वद्य पंचमीला परतायचं. सात दिवस, सहा मुक्काम. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस, ऊन अजून बोचत नाही, वेळास-अंजर्ल्याला कासवांची पिल्लं बाहेर पडायचे दिवस. मुलाच्या शाळेत चिठ्ठी दिली.

सगळ्यात मोठा बदल बाबांनी सुचवला. चालकाच्या डोक्यालाच तो सुचू शकतो. ते म्हणाले, "उत्तरेकडून दक्षिणेला गेलात तर समुद्र उजव्या हाताला, चालवणाऱ्याच्या बाजूला. मला पुढे डावीकडे बसायचंय, मला सगळा वेळ डोंगर दिसणार. उलटं जाऊया. आधी एका दमात मालवण गाठायचं आणि किनाऱ्यानं वर यायचं."

मी कितीतरी प्रवासवर्णनं वाचली होती, पण हे कुठेच वाचलं नव्हतं. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते. दक्षिणेहून उत्तरेला येताना समुद्राकडची कड आपली असते. फोटोला, लघवीला, पाय मोकळे करायला थांबायचं तर समोरून येणारी रांग ओलांडायची नाही, डावीकडे गाडी घेतली की झालं. मावळता सूर्यही डाव्या खिडकीत. शिवाय सगळ्यात लांबचा, कंटाळवाणा टप्पा पहिल्या दिवशी ताज्या अंगानं होतो आणि शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळे दमलेले असतात, तेव्हा दिवेआगरहून पुण्याचे जेमतेम एकशेसाठ किलोमीटर उरतात. दिशा बदलण्याला एक रुपया पडला नाही आणि प्रवास निम्म्यानं सोपा झाला.

मग तिथ्या लावून पाहिल्या. पौर्णिमेला मालवण, भरती सव्वाअकरा. वद्य द्वितीयेला हेदवी, भरती दीड, तीही उधाणाची. वद्य पंचमीला हरिहरेश्वर, भरती पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. मी कागद उलटसुलट करून तीनदा तपासलं. मग भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक मिळवून ताडून पाहिलं. वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत फरक होता, आत्यानं सांगितला होता तेवढाच.

मालवण आणि देवगड

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कोल्हापूरला जेवलो, घाट उतरलो, संध्याकाळी मालवण.

सिंधुदुर्गाला सकाळी दहाला गेलो. भरती चढत असताना होडी धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला येते आणि उतरताना पायरी लहान पडते. गुडघ्याचं माणूस सोबत असेल तर हा फरक फार मोठा आहे. दोन खलाशांनी बाबांना दोन्ही दंडांना धरून अलगद घेतलं. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात झाली. तटाला अगदी खेटेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, हे होडीतूनच नीट समजतं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराच्या देवळात आई बराच वेळ बसली. तटावर चढायचा मोह बाबांनी स्वतःच आवरला.

दुपारी निघालो आणि पहिली चूक झाली. आचऱ्याच्या पुढे अडीच वाजता पोटात कावळे ओरडत होते आणि जेवण कुठेच नाही. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरगुती खानावळी सांगितल्याशिवाय स्वयंपाक करत नाहीत. सकाळी फोन करून किती पानं, शाकाहारी की मासे, किती वाजता, एवढं सांगावं लागतं. एका घरात मावशींनी आम्हाला पाहून पोहे टाकले, वर ओलं खोबरं घातलं आणि पैसे घेताना संकोचल्या. त्या दिवसापासून रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा फोन करणं हे आईचं काम झालं, आणि ती ते काम इतक्या आवडीनं करायची की जेवायच्या आधीच आमची ओळख झालेली असे.

कुणकेश्वरला देऊळ शांत होतं. आवारात मंडपाचे खांब उभे राहायला लागले होते. दोनेक आठवड्यांनी इथे पाय ठेवायला जागा नसणार होती. तारामुंबरीच्या पुलावरून देवगडला आलो तेव्हा कलमांवर सुपारीएवढ्या कैऱ्या दिसत होत्या.

तिसरा दिवस, जो चुकला

या प्रवासातला एक दिवस मी परत आखला तर वेगळा आखेन, आणि तो हा. देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, आडिवरे, कशेळी, पावस आणि रत्नागिरीला मुक्काम. कागदावर अंतर मोठं नव्हतं. पण विजयदुर्ग हा टोकावरचा किल्ला आहे. तिथं जायचं आणि वाघोटण खाडी ओलांडायला पुन्हा आत वळायचं. किल्ल्यात दोन तास गेले, जायलाच हवे होते. त्याची तिहेरी तटबंदी अर्ध्या तासात उरकायची गोष्ट नाही.

कशेळीला कनकादित्याच्या देवळात पोचेपर्यंत साडेचार वाजले. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यामुळे हे बघायचंच होतं. पुजाऱ्यांनी आत्मीयतेनं सगळं सांगितलं. तिथून जवळच देवघळीला कड्यावर गेलो. खाली लाटा कपारीत शिरून पांढऱ्या होत होत्या. मुलगा हलायला तयार नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते.

सूर्य मावळला तेव्हा आम्ही पावसच्याही अलीकडे होतो. दिवेलागणीनंतर गाडी नको हा आमचाच नियम आम्ही मोडला. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्येच बसलेली गुरं. जांभ्या रस्त्यावर बसलेली तांबडी गाय हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. आई मागे डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. बाबा नवऱ्याला हळू आवाजात सांगत होते, "तिसरा टाक. पुढे डावं वळण आहे. आता मोरी येईल." पंचवीस वर्षांपूर्वीचा रस्ता त्यांच्या अंगात होता. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला बाहेरूनच हात जोडले. भाट्याचा पूल आला आणि रत्नागिरीचे दिवे दिसले तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

इथे एक मुक्काम जास्त हवा होता. आंबोळगड किंवा आडिवऱ्याला राहून सकाळी निघालो असतो तर पूर्णगडही झाला असता. किनाऱ्याच्या रस्त्यानं आमचा वेग थांबे सोडून तासाला पंचवीस ते तीस किलोमीटर पडला. सात दिवसांत हा आकडा फारसा हलला नाही. त्यामुळे दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि किल्ला असेल त्या दिवशी सत्तरच्या. तिसऱ्या दिवशी मी हा हिशेब जाणून होते आणि तरी एक देऊळ, एक कडा, एक किल्ला सोडवला नाही.

हेदवी, दीड वाजता

चौथ्या दिवशी मात्र घड्याळ हातात धरून निघालो. साडेसहाला रत्नागिरी सोडली. आरे-वारेच्या रस्त्यावर सकाळचं पाणी डाव्या खिडकीत पसरलं होतं. बाबांनी काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढला. एसटीच्या चालकाला हे कधी करता येत नाही. गणपतीपुळ्याचं दर्शन सकाळी आठला, रांग नव्हती. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात आईला थोडा वेळ हवा होता, तो तिला दिला. शाळेत शिकवताना तिनं "तुतारी" किती वेळा म्हटली असेल, तिलाच माहीत.

जयगडला फेरीबोटीची रांग छोटी होती. फेरीसाठी सुटे पैसे हाताशी ठेवावेत आणि गाडी उलटी चढवायची तयारी ठेवावी. हँडब्रेक ओढून खाली उतरायला मिळतं. तवसाळला उतरून हेदवीला साडेबारा-पावणेएकला पोचलो.

उमामहेश्वराच्या देवळाजवळून खडकावर चालत गेलं की बामणघळ येते. काळ्या कातळात समुद्रानं कोरलेली एक अरुंद, खोल घळ. सुरुवातीला पाणी आत येऊन नुसतं गुरगुरत होतं. मुलगा म्हणाला, "एवढंच?" एक वाजून गेल्यावर सूर बदलला. लाट दूरवर दिसायची, मग नाहीशी झाल्यासारखी वाटायची, मग पायाखालचा खडक थरथरायचा आणि घळीच्या टोकातून पाणी एकदम सरळ वर उसळायचं, माडाएवढं नाही तरी घराच्या कौलांच्या वर. थोडा वेळ ते हवेत थांबल्यासारखं दिसायचं आणि मग फुटून आमच्या अंगावर बारीक पाऊस पडायचा. मुलानं मोजायला सुरुवात केली. दर सातव्या-आठव्या लाटेला मोठं उसळतं असा त्याचा शोध. बाबा खडकावर न येता देवळाच्या बाजूला, बांधावर बसले होते आणि तिथूनही त्यांना दिसत होतं. घळीच्या काठाशी जायचं नाही, ओल्या खडकावर शेवाळ असतं, हे आत्यानं फोनवर तीनदा बजावलं होतं. आम्ही बऱ्याच मागे उभे होतो तरी भिजलो.

अडीचला पाणी ओसरू लागलं आणि तीन वाजता तीच घळ पुन्हा साधी फट झाली. त्याच वेळी दोन गाड्या भरून माणसं आली, दोन मिनिटं बघून परत गेली. मी त्यांना वेळेबद्दल सांगितलं. त्यांना दुसऱ्या दिवशी परतायचं होतं.

दाभोळची खाडी

आत्याकडे एक रात्र आणि पाचव्या दिवशीची अर्धी सकाळ. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाच्या कुयरीची भाजी, आणि भावाबहिणींच्या रात्री एकपर्यंत गप्पा. या प्रवासातल्या मुक्कामांत पैसे न मोजलेला हा एकच, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा होता.

धोपाव्याच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढली. बाबा उतरले, काठी टेकत कठड्यापाशी गेले. पलीकडे दाभोळ होतं, मशिदीचे मनोरे, माडांची रांग, होड्या. बोट सुटली. ते काही बोलत नव्हते. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि आतल्या बाजूला, चिपळूणच्या दिशेला बोट दाखवून माझ्या मुलाला म्हणाले, "तिकडून जायचो आम्ही. सकाळी निघालं की दुपार व्हायची." मुलानं विचारलं, "मग आजोबा, आता किती वेळ लागला?" बोट तेवढ्यात दाभोळच्या धक्क्याला लागत होती. बाबांनी पुन्हा घड्याळ बघितलं, पण आकडा सांगितला नाही. रुमालानं चष्मा पुसत राहिले.

चारच्या सुमारास हर्ण्याला लिलाव सुरू होतो, तो गाठला. ट्रॉलर लांब उभे, होड्यांतून टोपल्या किनाऱ्यावर, पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, बोली लावणाऱ्याचा सूर आणि त्याच्याहून मोठा कोळणींचा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वाळूत चालताना काठी रुतते, म्हणून बाबांना वरच्या रस्त्यावरच थांबवलं. जोग नदीच्या पुलावरून अंधार पडायच्या आत अंजर्ल्याला पोचलो.

कासवं आणि शेवटची ओहोटी

ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधून, अंडी कुंपणात हलवून, पिल्लं बाहेर आली की ती समुद्रात सोडायची, हे काम वेळासमध्ये 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांसोबत सुरू केलं. तिथून ते अंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत गेलं. सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी पाच-सहाला टोपल्या उघडून बघतात. पिल्लं असतील तर सोडतात. नसतील तर नसतात. मुलाला हे आधीच नीट सांगून ठेवलं होतं, आणि तसं सांगायलाच हवं.

सहाव्या दिवशी सकाळी टोपलीखाली चौदा पिल्लं होती. तळहातापेक्षा लहान, ओल्या कोळशाच्या रंगाची. पाण्यापासून काही अंतरावर ठेवली आणि ती आपणहून निघाली. एक पिल्लू वाळूतल्या पावलाच्या ठशात अडकलं, धडपडून बाहेर आलं, पुन्हा दुसऱ्या ठशात पडलं. ठसा माझ्या मुलाच्या चपलेचा होता. तो रडवेला झाला. तिथल्या दादांनी त्याला समजावलं, की म्हणूनच दोरीच्या मागे उभं राहायला सांगतात. तो चार पावलं मागे गेला आणि शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत जागचा हलला नाही.

कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे बाबांचं दर्शन व्यवस्थित झालं. केळशीत जेवलो (फोन आदल्या रात्रीच गेला होता), वेळासहून वेसवीला आलो, फेरीबोटीनं सावित्री ओलांडून बागमांडल्याला आणि साडेपाचला हरिहरेश्वर.

पंचमीला सकाळी नऊला पाणी बऱ्यापैकी मागे गेलं होतं. तरी घरमालकांना विचारलं, देवळात गुरुजींना विचारलं, आणि दोघांनी "आत्ता जा, अकराच्या आत वर या" म्हटल्यावरच प्रदक्षिणेला उतरलो. देवळामागून कातळातल्या उंच पायऱ्या खाली जातात. एका बाजूला लाटांनी जाळीदार केलेला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथे माणसं वाहून गेलेली आहेत, तसे फलकही लावले आहेत, आणि तरी लोक वेळ न बघता उतरतात. पंचमी म्हणजे उधाण ओसरलेलं, त्यामुळे पाणी द्वितीयेइतकं खोल मागे जात नाही. अर्ध्या तासात पूर्ण करून वर आलो. त्या पायऱ्या बाबांसाठी नव्हत्याच. ते वर कठड्यापाशी बसून आम्हाला बघत होते आणि आम्ही खालून हात हलवत होतो.

मग श्रीवर्धन आणि शेखाडीवरून दिवेआगरचा रस्ता, जो इतका पाण्याला लागून आहे की उधाणाच्या दिवसांत तुषार काचेवर येतात. दिवेआगरला उकडीचे मोदक. माणगाव, ताम्हिणी, आणि सातच्या आत घर. मीटरवर एकूण हजाराच्या थोडे वर किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या टेबलावर त्यांची जुनी ड्यूटीची वही दिसली. मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी मालवण ते तेरेखोल लिहून ठेवलं होतं. निवती, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. प्रत्येकाच्या पुढे तिथी आणि तिची पाऊणपट. शिरोड्यासमोर दोन मुक्काम लिहिले होते, आणि खाली गुहागरचा नंबर.